एका तुळईवरची दोन घड्याळं

आमच्या दुकानावर पाटी होती, 'इनास घड्याळवाला'. इनास माझा नवरा. पाटीवर नाव त्याचं, डोळ्याला भिंग लावून पुढे बसायचा तो, आणि घड्याळं दुरुस्त करायचे मी. ही गोष्ट वसईतल्या निम्म्या लोकांना माहीत होती आणि उरलेल्या निम्म्यांना माहीत करून घ्यायची नव्हती. आता इनास नाही, पाटीही नाही. दुकानाच्या जागी झेरॉक्सवाला बसतो. तेव्हा लिहायला कुणाची हरकत नसावी.

अंकासाठी लेख मागायला आलेल्या ताई म्हणाल्या, "आजी, तुम्ही केलेल्या कष्टांबद्दल लिहा." कष्ट वसईत सगळ्यांनीच केले, त्यात वाचण्यासारखं काही नाही. मी माझ्या घोड्याबद्दल लिहिणार आहे. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत. घरची बोली इथे लिहिली तर चार गावांपलीकडे कुणाला कळायची नाही, म्हणून शाळेत शिकवलेली भाषा लिहिते. ती कुठे चुकली तर दोष मास्तरांचा. तेही आता ऐकायला नाहीत.

इनास मुंबईच्या एका मोठ्या दुकानात काम शिकून आला होता. लग्नानंतर पाच-सहा वर्षांत त्याच्या डोळ्यांपुढे धुकं आलं. मोतीबिंदू म्हणून काढून घेतला, तर होतं तेवढंही गेलं. तेव्हा दुकानात अकरा घड्याळं उघडून पडली होती. इनास खुर्चीत बसून सांगू लागला आणि मी करू लागले. "सगळ्यात बारीक चक्र उचल. दातांवरून नख फिरव. वाकडा दात लागतो का बघ." पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक स्प्रिंग सुटली ती थेट कौलात जाऊन अडकली.

इनास म्हणाला, "काय उडालं?"

मी म्हटलं, "काही नाही, चिमणी."

"चिमणीला चावी भरली होतीस वाटतं."

घरात मी त्याला एकेरीच हाक मारायचे, इथेही तसंच लिहिते.

गिऱ्हाईक घड्याळ माझ्या हातात द्यायचं आणि बोलायचं इनासशी. म्हणून मी त्याला रोज सकाळी भिंग लावून पुढे बसवायचे. भिंग लावलेल्या माणसाला दिसत नाही असं कुणाच्या मनात येत नाही. तो घड्याळ कानाला लावायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "आठ दिवसांनी या." लोक समाधानाने जायचे. माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर त्यांना दिसत नसे. बहुतेक त्यांना वाटायचं, बाईमाणूस काहीतरी निवडते आहे, तांदूळ असतील.

आता धंद्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हा घरोघरी भिंतीवरची लंबकाची घड्याळं असत. आठवड्यातून एकदा चावी. लंबक डावीकडे जाताना टिक, उजवीकडे जाताना टॉक. या दोन आवाजांमध्ये सारखं अंतर असलं तर घड्याळ चालतं. टिक लवकर आणि टॉक उशिरा, म्हणजे माणूस लंगडतो तशी चाल असली, तर ते आज ना उद्या थांबतं. बहुतेक वेळा घड्याळात बिघाड नसतोच, ते तिरकं टांगलेलं असतं. लंबकाच्या गोळ्याखाली एक बारीक चाकी असते. ती फिरवून गोळा वर चढवला की घड्याळ पुढे धावतं, खाली सोडला की मागे पडतं. एवढं ज्याला कळलं त्याला अर्धा धंदा कळला. उरलेला अर्धा म्हणजे गिऱ्हाईक.

गिऱ्हाइकांचं एक सांगते. अर्नाळ्याचा एक तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचा मुख्य, एकच घड्याळ घेऊन तीनदा आला. तिन्ही वेळा घड्याळ ठणठणीत.

"बाय, घरात बरोबर चालतंय. कामाला नेलं की मरतंय."

"कामाला म्हणजे कुठे?"

"होडीवर. डोलकाठीला टांगलंय."

मी हसले ते बराच वेळ. मग त्याला समजावलं, की लंबकाला घट्ट जागा लागते. ज्याला टांगलं तेच हललं तर लंबक आपलं सोडतो आणि त्याच्यामागे जातो.

"मग दर्याला सांगू काय, पानी हलवू नको म्हनून?"

"दर्याला सांगा, नाहीतर कोंबडा पाळा."

तो रागावून गेला. अर्नाळ्याला जाऊन त्याने सांगितलं असणार, वसईच्या घड्याळवालीला काही येत नाही. हा तांडेल लक्षात ठेवा. मला पुढे त्याची फार आठवण आली.

आता माझी अडचण. दुकानात बरोबर चालणारी घड्याळं गिऱ्हाइकाच्या घरी गेली की थांबायची. लोक म्हणायचे, बाईचा हात लागला की असंच. पुष्कळ महिन्यांनी मी दुकानाच्या भिंतीवर ओळंबा सोडला, तर भिंत वरून पुढे आलेली आणि खिळ्यांची रांग एका बाजूला उतरलेली. मी प्रत्येक घड्याळाची चाल त्या वाकड्या भिंतीला जुळवून देत होते. गिऱ्हाइकाच्या सरळ भिंतीवर ते लंगडणारच. इनासला सांगितलं तर म्हणाला, "घोडा बनवून घे. मुंबईला आमच्याकडे होता."

घोडा म्हणजे लाकडी चौकट. दोन उभे खांब, वर आडवी तुळई, तुळईत खाचा. घड्याळाचं मशीन पेटीतून बाहेर काढून एका फळीवर बसवायचं, ती फळी खाचेत घालून पाचर ठोकायची. खाली लंबक मोकळा. पुढून बघा, मागून बघा, सगळी चक्रं दिसतात. आठ दिवस तिथे चालू द्यायचं, जे काही बिघडायचं ते आपल्यासमोर बिघडतं. घोडा पाणसळीने सपाट केला की तिथली चाल कुठल्याही सरळ भिंतीवर टिकते.

घोडा बनवायला मी बस्त्याव मेस्त्रीला बोलावलं. बस्त्याव म्हणजे आमच्याकडचा मोठा सुतार. चर्चमध्ये ज्याच्यापुढे मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी होतो, ते आल्तार त्याने केलेले, गावच्या शवपेट्याही तोच करायचा. त्यामुळे तो कुणाकडेही आधी डोक्यापासून पायापर्यंत बघायचा आणि मग नमस्कार करायचा. मी त्याला साधी चौकट सांगितली. त्याने तीन आठवडे घेतले आणि आणलं काय? खांबांवर द्राक्षांचे वेल, टोकाला दोन देवदूत, आणि वर नाजूक, लांबसडक सागाची तुळई, तिच्यावरही वेल.

"मेस्त्री, मला घड्याळं टांगायची आहेत, मिस्सा करायची नाही."

"मोनीबाय, नागडं लाकूड माझ्या हातून जात नाय."

"तुळई बारीक आहे."

"बारीक? दोन मण टांग! मोडली तर माझं नाव बदल."

तुळई मोडली नाही, हे मला मान्य आहे. मोडण्याबद्दल त्याने खरंच सांगितलं होतं. हलण्याबद्दल मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

घोडा दुकानात आला आणि बघायला गर्दी झाली. पहिलं मशीन चढवलं तेव्हा तीन म्हाताऱ्यांनी त्याच्यापुढे क्रूस काढला. एकीने दुसऱ्या दिवशी मेणबत्ती आणून लावली. मी विझवली आणि तेलाच्या बाटलीजवळ ठेवली, कामाला आली.

याच सुमारास पास्कूकाका आला. एकोणीसशे पन्नासच्या आसपासची ही गोष्ट. पास्कूकाका म्हणजे निर्मळ गावचा केळीवाला बागायतदार आणि आमच्या दुकानाच्या खोलीचा मालक. त्याला एक धाकटा भाऊ, जुझे. बापाच्या मागे दोघांनी वाडी वाटून घेतली, केळी वाटली, भांडी वाटली, पण विहीर एकच आणि तिच्यावरचा रहाटही एकच. मग पाळी ठरली. सकाळपासून बारा वाजेपर्यंत पाणी थोरल्याचं, बारानंतर संध्याकाळपर्यंत धाकट्याचं. वाटणीत बापाचं घड्याळ थोरल्याकडे गेलं होतं. धाकटा मुंबईला जाऊन अगदी तसंच, त्याच बनावटीचं घड्याळ घेऊन आला, कारण थोरल्याच्या घड्याळावर त्याला पाणी प्यायचं नव्हतं.

झालं असं, की थोरल्याच्या घरी बारा कधी लवकर वाजत नसत आणि धाकट्याच्या घरी कधी उशिरा. रोज दुपारी रहाटाच्या रेड्यावरून बाचाबाची. शेवटी आमच्या फादरांनी दोघांना दटावलं, की दोन्ही घड्याळं एकाच हाताखालून जाऊ द्या.

पास्कूकाका घड्याळ घेऊन आला तो सवयीने इनाससमोर उभा राहिला. येताना सुकेळी आणली होती. आमच्याकडे पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात, ती सुकेळी. पानात बांधलेला पुडा त्याने इनाससमोर धरला. इनास भिंग लावून हसत बसला. पुडा तसाच हवेत. पास्कूकाकाने तो डावीकडे नेला, उजवीकडे नेला, मग माझ्याकडे बघितलं.

"काय गो मोनीबाय, ह्याला दिसत नाय?"

"कमी दिसतं."

"मग माझ्या बापाच्या घड्याळात हात कोण घालणार?"

"मी."

तो खाली बसला. म्हणाला, "मला सुकेळी ठेवायला खोली पायजेच होती. आता ऐक. माझं आणि जुझेचं, दोन्ही घड्याळं एका वेळेला बारा वाजवतील असं करून दे. गावच्या सणापर्यंत बघतो. नाय जमलं तर सणाच्या दुसऱ्या दिवशी खोली मोकळी."

"आणि जमलं तर?"

त्याने याचा विचार केलेला नव्हता. "जमलं तर बस," म्हणाला.

खोली गेली असती तर दुसरी मिळाली नसती. आंधळ्याला आणि बाईला घड्याळाचं दुकान काढायला कोण जागा देणार? इनास ओट्यावर बसला असता आणि मी केळी सोलायला गेले असते, बहुतेक पास्कूकाकाच्याच वाडीत.

मी दोन्ही मशीनं उघडली, धुतली, झिजलेल्या जागा भरल्या, तेल दिलं, आणि घोड्याच्या एकाच तुळईवर शेजारी शेजारी चढवली. एकाच वेळी चालू केली. पहिल्या तासात दोघांचे ठोके पुढेमागे पडत होते. संध्याकाळपर्यंत एक झाले. दुसऱ्या दिवशी बघते, तर एकाचा लंबक डावीकडे जातो तेव्हा दुसऱ्याचा उजवीकडे, बरोबर आरशातल्यासारखे. तिसऱ्या दिवशी तसेच. आठव्या दिवशी तसेच. दोन घड्याळांत केसाचाही फरक नाही. असं काम मुंबईच्या दुकानातही झालं नसेल, असं मला वाटलं, आणि मी ते मोठ्याने बोलूनही दाखवलं.

इनास मात्र कुरकुरत होता. "मोने, एक घड्याळ बंद आहे का?"

"दोन्ही चालू आहेत."

"मला एकच ऐकू येतं."

"कारण दोन्ही बरोबर आहेत."

"दोन माणसं इतकी बरोबर चालत नाहीत. पलटणीतली सोडून."

"तुला आता कानानेही दिसत नाही," मी म्हटलं. हे मी बोलायला नको होतं. पण बोलले, ते लपवत नाही.

आणखी एक चूक सांगते. त्या काळी मुंबईचा टाइम वेगळा आणि रेल्वेचा वेगळा, पाऊण तासाच्या आतबाहेर फरक. गिऱ्हाइकाला आधी विचारावं लागे, कुठला टाइम लावू? एकजण म्हणाला होता, दोन्हींच्या मधला लावा. आम्ही रेल्वेचा धरायचो. टांगेवाला दामू माझं खिशातलं घड्याळ कापसात गुंडाळून स्टेशनला न्यायचा, तिथल्या घड्याळाला लावून परत आणायचा. म्हणजे वसईच्या बाजारात वेळ टांग्यातून यायची. त्या आठवड्यात दामूचा घोडा लंगडत होता आणि तो स्टेशनला गेलाच नाही. मला वाटलं, काय गरज आहे? दोन घड्याळं एकमेकांशी जुळली की माणूस तिसऱ्याला विचारायला जात नाही.

आठव्या दिवशी फादर आले. त्यांनी दोन लंबक बघितले आणि त्यांचा चेहरा उजळला. "मोनिका, हे तुझं काम आहे?" असं विचारणारा तो पहिला माणूस, म्हणून मी त्यांना खुर्ची दिली. रविवारी त्यांनी प्रवचनात तेच काढलं. दोन घड्याळं, दोन भाऊ, एकाच बापाची लेकरं. एका तुळईवर आली आणि एका हृदयाने चालू लागली. बायका रडल्या. पास्कूकाका आणि जुझे एका बाकाच्या दोन टोकांना बसले होते, तेही रडले. मी पहिल्या रांगेत ताठ बसले होते. इतकी ताठ मी लग्नातही बसले नव्हते.

मग मी स्वतः निर्मळला जाऊन दोन्ही घरी घड्याळं टांगली. ओळंबा लावून, चाल ऐकून. दोन घरं विहिरीच्या दोन बाजूंना. त्या दुपारी दोन्हीकडे एकदम बारा वाजले. जुझेच्या बायकोने मला फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, खायला घातले, पास्कूकाकाच्या बायकोने सुकेळी दिली. मी टांग्यातून राणीसारखी परत आले.

आठवड्याने दामू धावत दुकानात आला. "मोनीबाय, चला लवकर. दोघं विहिरीवर उभे आहेत, तुमची घड्याळं काखेत मारून."

गेले तर खरंच. भर दुपार. रहाटाचा रेडा थांबलेला, त्याच्या दोराचं एक टोक थोरल्याच्या हातात आणि एक धाकट्याच्या. दुसऱ्या हाताने दोघांनी आपापलं घड्याळ लहान पोरासारखं कडेवर घेतलेलं. भिंतीवरून उचलून चालत आणलेलं लंबकाचं घड्याळ बंदच पडतं. म्हणजे दोन बंद घड्याळं घेऊन दोघं वेळेवरून भांडत होते.

"बघ, माझ्यात अजून बारा वाजायला आठ मिनिटं आहेत!"

"माझ्यात बारा वाजून गेले! रेडा सोड!"

"तुझं घड्याळ खोटं!"

"तुझं बापाच्या वेळेपासून खोटं!"

नऊ मिनिटांचा फरक. दामूकडे माझं स्टेशनचं घड्याळ होतं आणि दोघांनी घड्याळं भिंतीवरून उचलली ती वेळ त्याने बघून ठेवली होती. हिशेब लावला तर आठवड्यात थोरल्याचं सात मिनिटं मागे पडलेलं आणि धाकट्याचं दोन मिनिटं पुढे गेलेलं. गंमत अशी, की स्वतःच्या घड्याळाबद्दल दोघांचीही काही तक्रार नव्हती. मागे पडणारं घड्याळ थोरल्याला पाणी देत होतं, पुढे धावणारं धाकट्याला. दोघांचीही तक्रार दुसऱ्याच्या घड्याळाबद्दल. मला वाटतं, त्या विहिरीवर दोन गोष्टींनाच खरी वेळ माहीत होती, एक माझं खिशातलं घड्याळ आणि दुसरा रेडा. तो बाराला आपणहून थांबला होता.

पास्कूकाका मला म्हणाला, "सणाला बारा दिवस आहेत. पेट्या भरायला घे."

मी दोन्ही घड्याळं उचलली आणि टांग्यात बसले.  

दुकानात आल्यावर मी थोरल्याचं मशीन घोड्यावर चढवलं आणि चालू केलं. धाकट्याच्या मशीनचे स्क्रू सैल दिसले, ते मी टेबलावर ठेवलं. त्याचा नुसता लंबक शेजारच्या खाचेत टांगून ठेवला, तो स्थिर होता. मी स्क्रू आवळत बसले. पंधरा-वीस मिनिटांनी मान वर केली, तर तो मोकळा लंबक हलत होता. मशीन नाही, चावी नाही, वारा नाही. दार बंद केलं, हाताने थांबवला. जरा वेळाने पुन्हा हलू लागला. शेजारची मार्था पीठ मागायला आली होती, ती "येजू!" म्हणून पिठाशिवायच पळाली.

मी पेलाभर पाणी तुळईवर ठेवलं. पाणी थरथरत होतं. टिक, थरथर. टॉक, थरथर.

तेव्हा मला अर्नाळ्याचा तांडेल आठवला. बस्त्यावच्या वेलबुट्टीची नाजूक तुळई म्हणजे त्याची होडीच होती. एक लंबक तिला हलवायचा, ती दुसऱ्याला हलवायची, दुसरा परत तिला. दोघं एकमेकांना ओढत ढकलत शेवटी एका चालीवर आले होते. ते जुळणं माझं नव्हतं, तुळईचं होतं. भिंतीवर वेगळे झाले आणि प्रत्येकजण आपल्या मूळ खोडीवर गेला. मी खात्रीसाठी दोन्ही मशीनं पुन्हा शेजारी चढवली आणि दामूला स्टेशनला पाठवलं. दोन दिवसांनी बघितलं. दोघं एकमेकांशी पुन्हा जुळलेले, आणि दोघंही स्टेशनच्या मागे.

इनासला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी म्हटलं होतं, एकच ऐकू येतं."

"म्हटलं होतंस."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मला आठवतं मी काय म्हणाले."

 मी त्याला चहा करून दिला, त्या दिवशी साखर जास्त घातली. आमच्या घरात माफी याहून मोठी नसे.

बस्त्यावला बोलावलं. "मेस्त्री, तुळई मधोमध काप. मला दोन वेगळे घोडे हवेत. आखूड आणि जाड."

"वेलीवर करवत? मोनीबाय, ह्या हातांनी आल्तार केलाय!"

"म्हणूनच आल्तारासारखी झाली. बघायला चांगली."

तो हलेना. मग मी त्याच्या पिशवीतून करवत काढली आणि स्वतःच कापायला लागले. मला लाकूड कापता येत नव्हतं. दहा-बारा फटके त्याने बघितले आणि एकदम ओरडला, "सरक! लाकडाचा जीव घेतेस!" पुढचं त्याने कापलं. वेलींचे तुकडे त्याने कापडात गुंडाळून नेले. गावात एका शवपेटीवर नंतर ते दिसले, फार शोभत होते.

नवे दोन घोडे जमिनीत गाडलेल्या दगडांवर उभे केले, एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. दगड कुठून आणले ते विचारू नका. वसईत जुने घडीव दगड कुठून येतात ते सगळ्यांना माहीत आहे. वर पेला ठेवला. पाणी हललं नाही.

मग नऊ दिवस मी फक्त तेच काम केलं. दोन्ही घड्याळं वेगवेगळी, प्रत्येकाचा मुकाबला स्टेशनशी. थोरल्याचा गोळा थोडा वर, धाकट्याचा थोडा खाली. पुन्हा बघायचं, पुन्हा थोडं. आता दोघांचे ठोके कधी जवळ यायचे, कधी लांब जायचे. आधीसारखी शोभा त्यात नव्हती. फादर एकदा डोकावून गेले. दोन घोडे दोन भिंतींना बघून त्यांचा चेहरा उतरला.

सणाच्या आदल्या दिवशी घड्याळं दोन्ही घरी टांगली. सणाच्या दिवशी मिस्सा झाली आणि अर्धं गाव विहिरीवर जमलं. सणाचं जेवण सोडून माणसं रेड्याभोवती उभी, यावरून ओळखा. इनासला मी हाताला धरून नेलं, भिंगाशिवाय. दामूच्या हातात स्टेशनचं घड्याळ.

दामू म्हणाला, "बारा."

पास्कूकाकाच्या घरातून टण्ण झालं. दुसरं टण्ण झालं. तेव्हा जुझेच्या घरातला पहिला ठोका पडला. मग दोन्ही वाजत राहिले, एक पुढे आणि एक त्याच्या जरा मागे. थोरल्याचे बारा संपले तरी धाकट्याचे दोन उरले होते.

पास्कूकाका म्हणाला, "दोन ठोके मागे! मी म्हणालो होतो, एका वेळेला!"

 मग इनास मोठ्याने म्हणाला, "दोन आहेत, मोने. आता दोन ऐकू येतात."

"काका," मी म्हटलं, "दोन ठोक्यांत तुमच्या केळीला किती पाणी जाईल, रेड्याला विचारून सांगा. याहून जास्त जुळवून हवी असतील तर दोन्ही घड्याळं एका तुळईला टांगावी लागतील. तुम्ही दोघांनी एका घरात राहायला जा, मी तुळई देते."

लोक हसले. जुझे सगळ्यात मोठ्याने. पास्कूकाकाने हातातला दोर सोडला, आणि जुझेने रेडा हाकला. खोलीचं नाव पुन्हा निघालं नाही. फक्त पुढच्या महिन्यात पास्कूकाकाने आमच्या माळ्यावर सुकेळी आणून ठेवली, "तात्पुरती" म्हणून. ती सोळा वर्षं राहिली. घड्याळांत मुंग्या व्हायच्या. मी काढत राहिले.

भाऊ पुढे पाण्यावरून भांडले नाहीत, वेळेत भांडण्यासारखं काही उरलं नव्हतं. पावसाळ्यानंतर त्यांनी बांधावरून भांडण काढलं.

मला धंद्याबद्दल फार हळहळ नाही. पाटीवर माझं नाव कधी आलं नाही, ते चालेल. मी मेलेल्या घड्याळासारखी ठप्प नव्हते एवढं पुरे. इनासचा कान मी त्या आठवड्यात खोटा ठरवला, ते मात्र अजून टोचतं. त्यानंतर मी एकही घड्याळ त्याने ऐकल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही.

आणि फादर. सणानंतर ते दुकानात आले आणि घुटमळत म्हणाले, "मोनिका, त्या प्रवचनाचं काय करू? लोक मला विचारतात, ती दोन्ही एका तुळईवर असताना नेमकं काय होत होतं?"

मी म्हटलं, "सांगा ना. एकत्र होती तेव्हा एकमेकांना ओढत होती, म्हणून इतकी जुळत होती आणि दोन्ही चुकत होती. वेगळी केल्यावर बरोबर आली."

फादरांनी त्या दोन घोड्यांकडे बघितलं. मग टोपी घालून उठले. "हे आल्तारावरून सांगता येणार नाही," म्हणाले.

त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी इथे लिहिलं.